मलम : त्याचा उपयोग व त्याची मर्यादा

थंडीचे दिवस आले म्हणजे खेड्यापाड्यांतील लोकांच्या हातापायांची दशा पाहवत नाही. ऊसतोडीस गेलेल्यांचे तळवे खरखरीत होतात. कापूस वेचणाऱ्या बायांची बोटे नखांपाशी चिरतात. पहाटे भांडी घासणाऱ्या मुलींचे हात राख फासल्यासारखे पांढरे पडतात. आणि अनवाणी चालणाऱ्या वृद्धांच्या टाचांना अशा भेगा पडतात की, पाऊल टेकताच डोळ्यांत पाणी यावे. "कातडीच ती, उन्हाळा लागला की बरी होईल," असे म्हणून पुष्कळ लोक हे दुखणे अंगावर काढतात. दुसरे कित्येक बाजारात हाती लागेल ते मलम आणून चोळीत बसतात. पहिल्यांची चूक हयगयीची, दुसऱ्यांची उतावळेपणाची. परंतु दोहोंचे फळ पुष्कळदा सारखेच वाईट येते.

ह्या पाठात आम्ही चार गोष्टींचा विचार करणार आहो. कातडी कोरडी का पडते, मलम काय करिते, ते कसे लावावे, आणि ते कोठे लावून भागत नाही. ह्यांतील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. कारण तिच्या अज्ञानामुळे आमच्या हातून एक चूक घडली, ती आम्ही पुढे सांगणार आहो. तूर्त वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की, साधे मलम हे पांघरूण आहे, औषध नव्हे. पांघरुणाने थंडी वारते. पण अंथरुणात विंचू शिरला असेल, तर पांघरूण ओढून घेतल्याने तो जात नाही.

१. कातडी कोरडी का पडते?

कातडीचा अगदी वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. त्यातील सुकलेल्या पेशी ह्या विटा, आणि त्यांच्यामध्ये असलेला स्निग्ध अंश हा गारा. गारा शाबूत आहे तोपर्यंत आतील ओलावा बाहेर जात नाही व बाहेरील घाण आत शिरत नाही. गारा झडला म्हणजे विटा सुट्या होतात. मग ओलावा उडून जातो, कातडी ताणली जाते, तिला खाज सुटते व शेवटी ती उलते.

हा गारा झडण्याची कारणे आपल्या रोजच्या व्यवहारातच आहेत. थंडीतला कोरडा वारा हे पहिले कारण. कढत पाण्याने पुष्कळ वेळ स्नान करणे हे दुसरे. कढत पाणी त्या क्षणी सुखाचे वाटते, पण ते कातडीचे तेल काढून नेते. तिसरे कारण म्हणजे कपड्यांचा साबण, धुण्याचा सोडा व धुण्याची पावडर ह्यांनी हात आणि अंग धुणे. ह्या वस्तू कपड्यांचा मळ काढण्यासाठी केलेल्या आहेत. कातडीचा स्निग्ध अंश व कपड्यावरील तेलाचा डाग ह्यांत त्या भेद करीत नाहीत. गवंडीकाम करणाऱ्यांना ओला चुना व ओले सिमेंट बाधते. उतारवयात शरीरातील तेल स्वभावतःच कमी होते, म्हणून वृद्धांना अंगभर खाज सुटते.

ह्याशिवाय काही वस्तू कातडीला मुळातच मानवत नाहीत. गाजरगवताचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. हे परदेशी तण आपल्या देशात प्रथम पुण्यास सन १९५५ च्या सुमारास दृष्टीस पडले, आणि आज असा बांध नाही की ज्यावर ते उगवत नाही. ते उपटणाऱ्या कित्येकांच्या चेहऱ्यावर, मानेवर व हातांवर लाल, खाजरी पुरळ उठते. तेथे नुसते मलम चोळून काय होणार? गवताचा स्पर्श चालू आहे तोपर्यंत पुरळ राहणारच. लांब बाह्यांचा सदरा घालावा, हातमोजे नसल्यास हातांना जाड फडके गुंडाळावे, काम आटोपताच हातपाय धुवावे व ते कपडे निराळे ठेवावे. कारण दूर करणे पहिले, मलम दुसरे; हा नियम सर्वच ठिकाणी लागू आहे.

२. मलम काय करिते?

सन १८५९ मध्ये अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया प्रांतात टायटसव्हिल येथे खनिज तेलाची विहीर लागली. तेथे रॉबर्ट चेसब्रो नावाचा एक तरुण रसायनज्ञ गेला असता त्याने पाहिले की, तेल उपसणाऱ्या यंत्राच्या दांड्यांवर मेणासारखा चिकट गाळ साचतो. मजूर त्या गाळाला वैतागत, परंतु हात कापला किंवा भाजला तर तोच गाळ वर लावीत. चेसब्रोने तो पुष्कळ वर्षे शुद्ध करून पाहिला व सन १८७२ मध्ये त्या कृतीचे पेटंट घेतले. आपण ज्याला व्हॅसलीन म्हणतो ती ही पेट्रोलियम जेली होय. (ताज्या भाजल्यावर ती लावण्याची त्या मजुरांची रीत मात्र आज बरोबर मानीत नाहीत, त्याचे कारण पुढे येईल.)

ही जेली कातडीला ओलावा देत नाही. असलेला ओलावा उडू देत नाही, इतकेच तिचे काम. कोकणातील लोक कोकमाच्या बियांचे तेल, ज्याला ते भिरंडेल म्हणतात, शेकून पातळ करून भेगांत भरतात. त्याचेही काम बहुतांशी असेच. शुद्ध खोबरेल तेलाचाही कोरड्या कातडीस चांगला उपयोग होतो, मात्र ते पातळ असल्यामुळे लवकर पुसले जाते. झिंक ऑक्साइडचे पांढरे मलम कातडीवर लेप धरून राहते, म्हणून ओल्या लंगोटाने लाल झालेल्या लहान मुलांच्या जांघांस ते विशेष सोयीचे आहे.

ह्यावरून दोन गोष्टी निघतात. एक, मलम ओलसर कातडीवर लावावे. सुकून ठणठणीत झालेल्या कातडीवर लावल्यास राखावयाला आत ओलावाच नसतो. दुसरी, मलम जितके साधे तितके बरे. सुवास, रंग व दहा औषधे घातलेली महाग डबी चिडलेल्या कातडीला अधिकच चिडविते. बिनवासाची स्वस्त डबी बहुधा आपले काम मुकाट्याने करिते.

३. लावण्याची रीत

पहिल्याने परीक्षा करावी. नवे मलम कोपराच्या आतल्या बाजूस मुगाएवढे लावून दोन दिवस पाहावे. तेथे आग, लाली किंवा पुरळ न उठल्यास ते इतरत्र लावण्यास हरकत नाही.

हातांसाठी. हात कोमट किंवा साध्या पाण्याने धुवावे, टिपून घ्यावे. खसखसा पुसू नये. कातडी किंचित ओली आहे तोच, म्हणजे तीन-चार मिनिटांच्या आत, हरभऱ्याएवढे मलम दोन्ही हातांस पातळ पसरावे. थापल्याने गुण वाढत नाही, कपडे मात्र खराब होतात. रात्री निजताना व प्रत्येक मोठ्या धुण्यानंतर लावावे.

टाचांसाठी. पाय पंधरा-वीस मिनिटे साध्या पाण्यात भिजत ठेवावे. मग वजरीने जाड कातडी हलकेच घासावी. भेग ओली अथवा रक्ताळलेली असेल तर तेथे वजरी लावू नये. ब्लेडने किंवा विळ्याने कातडी तासण्याची रीत फार घातक आहे, ती सोडावी. पाय टिपून मलम लावावे व स्वच्छ सुती पायमोजे घालून निजावे. हे रोज करावे. एका रात्रीत गुण येत नाही. पंधरा दिवस नेमाने केले म्हणजे फरक दिसू लागतो. दिवसा पायांत वहाण असावी. अनवाणी चालत राहिल्यास रात्रीचे काम दिवस मोडून टाकतो.

लहान मुलांसाठी. लंगोट ओला होताच बदलावा. जागा नुसत्या पाण्याने धुवून, टिपून, वाऱ्यावर सुकू द्यावी; मग मलमाचा लेप द्यावा. नवजात बालकाच्या बेंबीच्या नाळेस मलम, तेल, हळद किंवा राख काहीही लावू नये; ती स्वच्छ व कोरडी राहिली म्हणजे आपोआप गळून पडते.

ओठांसाठी. ओठ वारंवार जिभेने ओले केल्याने अधिकच उलतात. ती सवय सोडून मलमाचा पातळ थर द्यावा.

४. मलम वापरताना सावधगिरी

मलमाच्या डबीत मळके बोट घालू नये. बोटावरील जंतू डबीत जातात आणि मग तीच डबी घरभर रोग वाटीत फिरते. स्वच्छ चमच्याने काढून घ्यावे. एकाच्या वाहत्या पुरळाला लावलेल्या डबीतून दुसऱ्याला देऊ नये.

मलम मुरलेला कपडा विस्तवाजवळ नेऊ नये. मलम मुरलेला सदरा, लुगडे किंवा पट्टी ठिणगी लागताच भराभर पेटते, आणि धुतल्यानेही ते अंग पूर्ण निघत नाही. अंगाला मलम लावून चुलीपुढे बसणाऱ्या बायांनी व अंथरुणात बिडी ओढणाऱ्या वृद्धांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

नाक कोरडे पडले म्हणून रोज निजताना नाकात व्हॅसलीन भरण्याची सवय चांगली नाही. तो स्निग्ध अंश हळूहळू फुप्फुसात उतरून तेथे सूज उत्पन्न करू शकतो.

दोन वर्षांखालील मुलांना कापूर घातलेली मलमे लावू नयेत. कापूर पोटात गेल्यास मुलाला झटके येतात. बोरिकचे मलम पूर्वी घरोघर असे. परंतु सोललेल्या कातडीतून ते अंगात भिनून तान्ह्या मुलांना विषबाधा झाल्याचे आढळून आले आहे, म्हणून ते मुलांस लावू नये.

टाचेच्या भेगांवर बिब्बा तापवून लावणे, रॉकेल ओतणे, गाडीचे वंगण भरणे हे उपाय गावोगाव चालतात. बिब्बा उतला म्हणजे काय होते, हे ज्याने भोगले त्याला विचारावे. भेग बुजण्याऐवजी फोड येतात, आणि चार दिवसांचे दुखणे महिन्यावर जाते.

५. मलमाने भागत नाही अशी ठिकाणे

भाजल्यावर लगेच मलम, तूप, शाई किंवा दात घासण्याची पेस्ट लावू नये. ह्या वस्तू आतील उष्णता कोंडून धरतात. भाजलेला भाग वीस मिनिटे थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्याखाली धरावा, स्वच्छ फडक्याने झाकावा व दवाखान्यात जावे.

खिळा, काटा किंवा फाळ खोल रुतला असता वरून मलमाने तोंड बंद करू नये. जखम पाण्याने व साबणाने धुवून धनुर्वाताची लस टोचून घ्यावी.

पू, वास, वाढती लाली, ठणका किंवा ताप असेल तर तेथे जंतूंनी घर केले आहे असे समजावे. ते पांघरूण घालून जात नाही.

रात्री वाढणारी खाज बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर व कमरेस असेल, आणि घरातील दोघातिघांना एकदमच असेल, तर ती बहुधा खरूज होय. तिचा किडा मारणारे औषध निराळे असते, व ते घरातील सर्वांनी एकाच वेळी लावावे लागते.

गोल, कडेला लाल व मध्ये निवळलेला चट्टा म्हणजे बहुधा गजकर्ण. येथे एका मोठ्या धोक्याची सूचना देणे आम्हांस अवश्य वाटते. बाजारात गजकर्णासाठी म्हणून जी मिश्र मलमे मिळतात, त्यांपैकी पुष्कळांत स्टेरॉइड नावाचे तीव्र औषध असते. ते लावताच दोन दिवसांत खाज थांबते, आणि माणूस म्हणतो, "नामी मलम!" पण खाज थांबली तरी बुरशी आत पसरतच असते. मलम सोडताच चट्टा दुप्पट होऊन परततो. माणूस पुन्हा तेच लावितो. आणि काही महिन्यांत कातडी कागदासारखी पातळ होऊन जांघेत व काखेत कायमचे वळ उठतात. गोरे करणारी म्हणून विकली जाणारी कित्येक मलमेही ह्याच जातीची असतात. सन २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइड असलेली कित्येक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केला. तरी गावच्या दुकानात ती मागितल्याबरोबर हाती पडतात. स्टेरॉइड हे विष नव्हे. जाणत्याने सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस ते गुणकारी आहे. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मात्र ते कधीही घेऊ नये.

६. ज्या डागाला स्पर्श कळत नाही

आता आमची चूक सांगतो. आमच्या परिचयाचा एक शेतमजूर एका हिवाळ्यात आमच्याकडे आला व हाताच्या कोपराखाली असलेला एक फिकट, कोरडा डाग दाखवून म्हणाला, "गुरुजी, हे काय उमटलंय? खाजत नाही, दुखत नाही." आम्ही तो वारा बाधल्याचा डाग समजलो व घरातील व्हॅसलीनची डबी त्याच्या हाती दिली. दोन महिन्यांनी तो पुन्हा आला. "मलम संपलं गुरुजी, पण डाग काही जात नाही." आम्ही दुसरी डबी दिली आणि सांगितले, "लावत राहा." त्याने आमच्यावर विश्वास ठेवून एक वर्ष मलम लाविले. मग एके दिवशी बिडीचा निखारा त्या हातावर पडला आणि कातडी जळाल्याचा वास आला, तेव्हा त्याला ते समजले. तोपर्यंत त्याची करंगळी वाकू लागली होती.

आरोग्य केंद्रातील परिचारिकेने त्याला डोळे मिटावयास सांगून कापसाच्या बोळ्याने डागाला स्पर्श केला. त्याला काहीच कळले नाही. एवढ्या परीक्षेस अर्धा मिनिट लागला. ते अर्धे मिनिट आम्ही वर्षभरात एकदाही खर्चिले नव्हते. त्याला कुष्ठरोग झाला होता, ज्याला जुने लोक महारोग म्हणत. औषधाने रोग हटला. करंगळी मात्र पूर्ववत झाली नाही. मलमाने त्याला अपाय केला असे नाही. मलमाने त्याचा वेळ खाल्ला, आणि ते मलम आम्ही दिले होते.

म्हणून ज्या डागाला खाज नाही, दुखणे नाही, ज्यावर घाम येत नाही व स्पर्श कळत नाही, त्या डागाला मलम लावून स्वस्थ बसू नये. कुष्ठरोगाची औषधे सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. रोगाच्या प्रकारानुसार ती बहुधा सहा किंवा बारा महिने घ्यावी लागतात, आणि ती सुरू झाल्यावर रोग्यापासून इतरांस होणारा संसर्ग लवकरच थांबतो. लपविण्यासारखे त्यात काही नाही. उशीर करण्यात मात्र पुष्कळ नुकसान आहे.

ह्या गोष्टीची दुसरी बाजूही सांगणे अवश्य आहे. सन १९४६ मध्ये वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आलेले शस्त्रवैद्य डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी आपल्या अभ्यासाने दाखवून दिले की, कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नसल्यामुळे चटका, काटा, टोचणारी वहाण ह्यांच्या जखमा दुर्लक्षित राहतात, त्या चिघळतात, व त्यामुळे बोटे जातात. वेदना ही शिक्षा नसून पहारेकरी आहे. ज्याच्या पायाचा पहारेकरी गेला, त्याच्या डोळ्यांनी ती जागा घेतली पाहिजे.

बधिर पायांस घाम येत नाही, म्हणून ते कोरडे पडून उलतात. येथे साधे मलम खरोखर मोलाचे ठरते. असे पाय रोज साध्या पाण्यात वीस मिनिटे भिजवावे, जाड कातडी हळूच घासावी, आणि ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलीन लावावे. पाणी गरम असल्यास ते पायाला कळणार नाही. म्हणून पाणी साधेच असावे, किंवा दुसऱ्याने हात घालून पाहावे. मग तळवा आरशात पाहावा, किंवा घरातील माणसाकडून पाहून घ्यावा. मधुमेहामुळे ज्यांचे पाय बधिर झाले आहेत त्यांनी पाय भिजत ठेवू नयेत. ते नुसते धुवावे, टिपून कोरडे करावे, मलम पातळ लावावे, बोटांच्या बेचक्यांत मात्र लावू नये, व पाहणी रोज करावी. जखम दिसली तर पायावर भार न देता दवाखाना गाठावा.

एकच डबी, परंतु एकाच्या बाबतीत तिने रोग झाकला आणि दुसऱ्याच्या बाबतीत ती पाय वाचविते. फरक डबीत नाही. लावण्यापूर्वी पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहे.

उजळणीचे प्रश्न

१. कातडीतील "गारा" कोणकोणत्या कारणांनी झडतो? त्यांपैकी आपल्या घरी कोणती कारणे आहेत?

२. मलम ओलसर कातडीवरच का लावावे?

३. भाजल्यावर प्रथम काय करावे, व मलम का लावू नये?

४. खाज दोन दिवसांत थांबविणाऱ्या मिश्र मलमाने गजकर्ण का वाढते?

५. डागास स्पर्श कळतो की नाही, ह्याची परीक्षा कशी करावी?

हा पाठ ज्या घरी वाचला जाईल, तेथे पाचव्या प्रश्नाचे उत्तर तोंडाने देऊन थांबू नये. दिवा जवळ घेऊन, कापसाचा बोळा हाती धरून, घरातील प्रत्येकाच्या अंगावरील डाग पाहावे. बहुतेक डाग साधे निघतील, आणि मग खुशाल मलम लावावे. शंभरांत एखादा साधा नसेल, तर त्या माणसाला दुसऱ्याच दिवशी सोबत जाऊन आरोग्य केंद्र दाखवावे. आम्ही ज्याला दोन डब्या दिल्या, त्याच्यासोबत आम्हांला जावयास एक वर्ष लागले.